मालवणी माशाची कढी: तिखटाच्या आधी आंबट सांभाळा

पुण्यात मला सगळ्यात जास्त वेळा काय विचारतात तर, आमची माशाची आमटी तुमच्यासारखी का होत नाही. आणि दर वेळी मी वाटीत घेऊन चव बघते तेव्हा एकच गोष्ट असते, तिखट भरपूर, रंग पण मस्त लालभडक, पण घास गेला की जीभ नुसती भाजते आणि मागे काहीच राहत नाही. मग त्यांना वाटतं मसाला कमी पडला, म्हणून पुढच्या वेळी अजून दोन चमचे घालतात. मसाला कमी नसतोच हो, आंबट कमी असतं. आंबट नीट पडलं की तेच तिखट गोल लागतं, नारळाचा गोडवा वर येतो आणि माशाची स्वतःची चव कळते. माझी आजी वेंगुर्ल्याला चुलीवर कढी करायची तेव्हा शेवटी चव घ्यायची ती आंबटाची, मीठ-मिरची तिच्या हाताला आपोआप कळायचं.

आमच्याकडे याला कढी म्हणतात, गोव्यात हुमण, मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यांत कालवण. नाव काहीही असू दे. मी इथे बांगड्याची कढी पूर्ण सांगते, कारण ती एकदा जमली की बाकीचं तिच्यावरूनच सुचत जातं, आणि मग तिखलं, तळलेले तुकडे, कोळंबी, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, यांचं जेवढं वेगळं आहे तेवढंच सांगते.

बांगडाच का तर तो स्वस्त आहे, चवीला तेलकट आणि दमदार आहे त्यामुळे मसाल्याखाली दबत नाही, आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतो. नवीन शिकणारे सरळ पापलेटवर जातात आणि एवढा महाग मासा मसाल्यात बुडवून टाकतात, जीव हळहळतो माझा. पापलेटची चव नाजूक असते, त्याला कमी मसाला लागतो. आणि एक मनापासून सांगते, रुपेरी पापलेट 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालाय कारण तो कमी कमी होत चाललाय, तेव्हा बाजारात ती तळहाताहून लहान पिल्लं वाट्यावर विकायला असतात ती घेऊ नका. स्वस्त मिळतात म्हणून आपण घेतो आणि मग मोठं पापलेट कुठून येणार.

आता बाजार. अर्धी कढी इथेच होते असं मी म्हणेन. बांगडा हातात घेतला की तो वाकता कामा नये, डोकं धरून आडवा धरला की शेपूट ताठ राहिली पाहिजे. डोळा काळाभोर, चकचकीत आणि थोडा फुगीर, आत बसलेला आणि दुधाळ झालेला असेल तर ठेवून द्या. कल्ले बोटाने उघडून बघायचे, लाल हवेत, तपकिरी नकोत, आणि लाल दिसले तरी वास घ्यायचाच, ताज्या माशाला समुद्राचा वास असतो, खारट आणि स्वच्छ, "माशाचा वास" म्हणून आपण नाक मुरडतो तो शिळेपणाचा असतो. बांगड्याचं सगळ्यात आधी पोट जातं, तेव्हा पोटावरून बोट फिरवा, मऊ लागलं किंवा फाटलेलं असलं तर घेऊ नका. आमच्या बाजारातल्या मासेवाल्या आईला बघून हाक मारायच्या, "वयनी, बांगडो बघ कसो फडफडीत आसा," आणि आई हसून आधी पोटच दाबून बघायची. मासेवाली रागावत नाही हो, उलट हिला कळतं म्हणून चांगला माल काढून देते.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांची पैदास होऊ दे म्हणून. त्या दिवसांत जो बांगडा दिसतो तो बहुतेक बर्फातला साठवलेला असतो, तेव्हा मी तरी पावसाळ्यात सुक्या माशावर आणि खाडीतल्या माशावर भागवते, आणि नारळी पौर्णिमा झाली की बाजाराकडे वळते. पाऊस ओसरल्यावर येणाऱ्या बांगड्याला जी चरबी असते ना, ती कढीवर पिवळसर ठिपक्यांनी तरंगते, ती खाल्ल्याशिवाय कळणार नाही.

इथे एक अनुभव सांगायलाच हवा. काही वर्षांपूर्वी मी सकाळी बांगडे घेतले आणि बाकीची कामं करत फिरले, मासे गाडीच्या डिकीत, एप्रिल महिना, घरी पोचायला तीन तास झाले. दिसायला बरे होते, वासही फारसा नव्हता, मी नीट शिजवले, सगळं व्यवस्थित. जेवून अर्ध्या तासात नवऱ्याचा चेहरा आणि मान लालबुंद, अंगाची आग, डोकं ठणकायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की बांगडा, कुपा, सुरमई अशा माशांमध्ये उन्हात राहिल्यावर हिस्टामीन नावाची गोष्ट तयार होते, आणि ती कितीही शिजवलं तरी जात नाही. म्हणजे "उकळलं की सगळं मरतं" हे इथे चालत नाही. त्या दिवसापासून मी बाजारात जाताना बर्फाची पिशवी आणि थर्माकोलचा डबा नेते, मासे सगळ्यात शेवटी घेते आणि सरळ घरी येते. हे एवढं एक तरी माझं ऐकाच.

साफ करायचं म्हणजे मासेवालीकडून करून आणलं तरी घरी एकदा बघायचं. पोटाच्या आत मधल्या काट्याला चिकटून काळसर रक्ताची एक रेघ असते, ती अंगठ्याच्या नखाने खरवडून काढायची, कढी कडवट किंवा उग्र होते ती खूपदा या रेघेमुळे. पोटातलं काळं पातळ साल पण काढायचं. धुवायचं ते आधी, अख्खा असताना, दोन-तीन पाण्यांनी, आणि मग तुकडे करायचे, कापल्यावर नळाखाली धरून घासत बसलात तर चव पाण्याबरोबर जाते. मध्यम बांगडा असेल तर त्याचे तीन तुकडे, डोकं टाकू नका, कढीला खरी चव डोक्याची असते. मग तुकड्यांना मीठ, पाव चमचा हळद आणि एक चमचा आगळ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. आगळ म्हणजे कोकमाचा मिठातला दाट रस, सरबताचं गोड सिरप नव्हे, बाटली बघून घ्या. आंबटाने माशाचा वास कमी होतो, याला कारण आहे, समुद्रातल्या माशाचा तो वास ज्या पदार्थामुळे येतो तो आंबट लागला की बांधला जातो आणि हवेत उडत नाही. म्हणून जगभर माशाबरोबर लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीतरी असतंच, आपल्याकडे कोकम आहे.

मिरच्यांचं बोलू. दोन मिरच्या लागतात, एक रंगाची, एक तिखटाची. रंगाला बेडगी, ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, गडद लाल, तिखट बेताची. आणि तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, जी मिळेल ती. नुसती तिखट मिरची घेऊन रंग आणायला गेलात तर तोंडात घास धरवणार नाही, आणि नुसती बेडगी घेतलीत तर कढी देखणी आणि मवाळ. माझं प्रमाण चार माणसांना आठ ते दहा बेडगी आणि दोन-तीन तिखट, तुम्ही झणझणीत खाणारे असाल तर तिखट मिरच्या पाच करा पण बेडगी कमी करू नका. देठ काढायचे, अर्ध्याअधिक बिया झाडून टाकायच्या, आणि मिरच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या. पॅकेटचं तिखट वापरून पण कढी होते, पण भिजवून वाटलेल्या मिरचीचा जो दाटपणा आणि ताजा वास आहे तो त्याला येत नाही, आणि पावडर नीट शिजली नाही तर घशाला लागते.

आता वाटप, माझ्या मते सगळी कला इथे आहे. चार मध्यम बांगड्यांना, म्हणजे साधारण सहाशे ग्रॅमना, अर्धा मोठा नारळ खोवून, दीड वाटी होईल. खोवताना पांढरंच घ्यायचं, करवंटीजवळचं तपकिरी आलं की कढीचा रंग मळतो. एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा हळद, पाव कांदा, भिजलेल्या मिरच्या. लसूण मी बांगड्याच्या कढीत घालत नाही, आमच्या शेजारी घालायचे, त्यांची पण छान व्हायची, तुम्हाला हवी तर दोन पाकळ्या घाला. गरम मसाला मात्र अजिबात नको, लवंग-दालचिनी आली की मासा गेला.

वाटायची रीत अशी की आधी मिक्सरमध्ये मिरच्या आणि धणे भिजवलेल्या पाण्यातल्याच दोन चमच्यांबरोबर वाटायचे, कारण त्यांना वेळ लागतो, आणि मग खोबरं घालायचं. सगळं एकदम टाकलं तर खोबरं वाटून होतं आणि मिरचीचे तुकडे तसेच राहतात. पाणी थंड वापरा, फ्रीजमधलं चालेल, आणि मिक्सर सलग फिरवू नका, अर्धा मिनिट फिरवा, थांबा, बाजूचं खाली ढकला, परत फिरवा. मिक्सर तापला की खोबरं तेल सोडतं आणि मग कढी फुटल्यासारखी दिसते. किती बारीक, तर दोन बोटांत धरून चोळलं की कण लागता कामा नये, उगाळलेल्या गंधासारखं. आजी पाट्यावर वाटायची तेव्हा मी बाजूला बसून बघायची, ती मधेच थांबून वरवंट्यावरून वाटप बोटाने निपटून घ्यायची आणि माझ्या पुढे धरायची, खरखर लागली का विचारायला, मी हो म्हटलं की परत वाटायला घ्यायची. तेव्हा कंटाळा यायचा, आता कळतं की जाडसर वाटलेल्या कढीत पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे राहतो, मग कितीही उकळा.

मिक्सरचं भांडं पाण्याने खंगाळून ते पाणी बाजूला ठेवायचं, ओतून देऊ नका.

तिरफळ माहीत नसेल तर सांगते, वाळल्यावर उघडलेलं छोटंसं फळ असतं, मिरीएवढं किंवा जरा मोठं, आत काळी चकचकीत बी. ती बी कडू आणि कचकचीत असते, काढून टाकायची, सालच वापरायचं. वास संत्र्याच्या सालीसारखा पण रानटी, आणि जिभेवर ठेवलं तर जीभ बधिर होते. मिरची पोर्तुगीजांबरोबर इथे आली त्याच्या आधी आपल्याकडे झणझणीतपणा होता तो मिरी आणि असल्या फळांचाच. ही तिरफळं सहा-सात घ्यायची, चमचाभर पाण्यात ठेवायची आणि खलबत्त्यात एकदाच हलका ठोका द्यायचा, फुटली पाहिजेत, पूड नको. मिक्सरमध्ये तर चुकूनही नको, अख्खी कढी कडू होते, मी हे करून बसलेय आणि फेकून द्यावी लागली होती. तिरफळ लागतं ते तेलकट माशाला, बांगडा, तारली, पेडवे. पापलेट, कोळंबीत घालत नाहीत. आणि जेवताना ते ताटाच्या कडेला काढायचं, पाहुण्यांना आधी सांगा नाहीतर कोणीतरी चावतं.

आता शिजवायला घेऊ. भांडं पसरट घ्या म्हणजे मासे एका थरात बसतील, एकावर एक चढले की खालचे मोडतात. मातीचं कुंडलं असेल तर उत्तम, नाहीतर स्टीलचं जाड बुडाचं पातेलं, अॅल्युमिनियम नको कारण आंबट आहे. आमच्याकडे या कढीला फोडणी नसते. पातेल्यात वाटप, मिक्सरचं पाणी, आणखी दीडेक वाटी पाणी, अर्धा कांदा उभा पातळ चिरून, तिरफळं आणि मीठ, मीठ जपून कारण माशाला लावलंय आणि आगळ पण खारट असतं. मध्यम आचेवर ठेवून ढवळत ढवळत उकळी आणायची, पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवू नका. उकळी आली की आच कमी करून सात-आठ मिनिटं शिजू द्यायचं. कच्च्या मिरचीचा वास जाईपर्यंत मासे घालायचे नाहीत, हे नीट लक्षात ठेवा, कारण मासे शिजायला वेळ लागत नाही आणि मसाल्याला लागतो, दोन्ही एकदम टाकले की एक तर मसाला कच्चा राहतो नाहीतर माशाचा भुगा होतो. वास कसा ओळखायचा, तर सुरुवातीला वाफेने नाकात झिणझिण्या येतात, शिंक यावीशी वाटते, आणि शिजत आलं की ती वाफ गोडसर होते, ओल्या नारळाचा आणि धण्यांचा वास पुढे येतो. तो आला की मासे.

मासे एकेक करून सोडायचे, वर पाच-सहा आमसुलं पसरायची. आमसुलं आधीपासून उकळली तर कढी काळपट होते आणि तुरट लागते, म्हणून माशांबरोबरच. आणि यानंतर भांड्यात पळी, डाव, चमचा काहीही घालायचं नाही. आजी चुलीपासून लांब बसलेली असली तरी आवाजावरून ओळखायची आणि ओरडायची, "डाव घालू नको गो, मोडतलो तो!" भांडं दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून हलकेच गोल फिरवायचं, मसाला आपोआप माशावर येतो. आच बारीक, कडेने बुडबुडे आले पाहिजेत, मधे खळखळ नको. सहा-सात मिनिटं पुरतात. डोळा पांढरा होऊन बाहेर आला आणि काट्याजवळचं मांस पांढरं दिसलं की झालं.

आता चव. अर्धी पळी वरचं काढून बशीत घ्या, जरा निवू द्या, गरम गरम चाखलं तर आंबट कळत नाही. आधी नारळ लागला पाहिजे, मग तिखट, आणि गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना आंबट. कडांना काही लागलं नाही तर अर्धा चमचा आगळ घाला, भांडं फिरवा, परत चाखा. असं थोडं थोडं करत जा. एका जागी येऊन तुम्हाला स्वतःलाच कळेल की आता थांबायचं, तिखट तेवढंच असतं पण ते टोचायचं बंद होतं. हे प्रमाण लिहून देता येत नाही कारण प्रत्येक आमसुलाचा आंबटपणा वेगळा असतो, या वर्षीचं ओलसर काळं आमसूल चार पुरतं आणि जुनं वाळकं आठ घातलं तरी कमी पडतं.

गॅस बंद करून एक चमचा खायचं कच्चं खोबरेल वरून, झाकण, आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. भूक लागली असली तरी थांबा, मासा त्या वेळात रस ओढून घेतो.

तिखलं हे याच बांगड्याचं, पण जवळजवळ नारळाशिवाय. बारा-तेरा बेडगी, तीन-चार तिखट, चमचाभर धणे, हळद, लिंबाएवढी चिंच आणि वाटलंच तर दोन चमचे खोबरं, सगळं दाट वाटायचं. इथे कोकमापेक्षा चिंच मला आवडते, दाटपणा येतो. पसरट भांड्यात हे वाटप माशाच्या तुकड्यांना सगळीकडून चोळायचं, आठ-दहा तिरफळं ठेचून, अर्धी वाटी पाणी, मीठ, झाकण ठेवून बारीक आचेवर दहा मिनिटं, मधे एकदा भांडं फिरवायचं. पाणी आटून मसाला माशाला चिकटला आणि कडेला तेल दिसायला लागलं की खोबरेल सोडून बंद. हे दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं, फ्रीजमध्ये ठेवून गरम करून खा, भाकरीबरोबर. झणझणीत म्हणजे काय ते इथे कळतं, डोळ्यांत पाणी येतं पण हात थांबत नाही.

तळायला सुरमई सगळ्यात सोपी, तुकडी बोटाएवढी जाड मागा, त्याहून जाड असली की बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. हळद, मीठ, दोन चमचे मालवणी मसाला, थोडी आलं-लसूण पेस्ट आणि दोन चमचे आगळ, पुन्हा आंबट, विसरू नका. अर्धा तास ठेवा. मग दोन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ मिसळून त्यात घोळवायची, तव्यावर टाकायच्या अगदी आधी, घोळवून ठेवली की पीठ ओलं होऊन सुटतं. तवा चांगला तापलेला, तेल मध्यम, आणि एकदा टाकली की तीन-चार मिनिटं हलवायची नाही. लोकांची तुकडी तव्याला चिकटते ना, ती घाई केल्यामुळे, खालची बाजू कुरकुरीत झाली की ती स्वतःच सुटते, उलथन्याने नुसतं ढकलून बघा, सरकली तर उलटा. बोंबील तळायचे तर त्यांच्यात पाणी फार, मधून चिरून काटा काढून, मीठ लावून, फडक्यात गुंडाळून वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं जड पातेलं तासभर ठेवायचं, पाणी निघून गेल्याशिवाय ते कुरकुरीत होणारच नाहीत, मग तुम्ही किती का रवा लावा.

कोळंबी लोक रबरासारखी करून ठेवतात, कारण ती चिकनसारखी शिजवतात. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढायचा, मीठ-हळद-आगळ लावायचं, आणि सालं-डोकी टाकून न देता दोन वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळून घ्यायची, हे पाणी म्हणजे सोनं आहे. कोळंबीचं सुकं करायला तेलात लसूण ठेचून, दोन कांदे बारीक चिरून चांगले लालसर करायचे, मालवणी मसाला, ते गाळलेलं पाणी, बटाट्याच्या किंवा वांग्याच्या फोडी, चार आमसुलं. फोडी शिजल्या, रस आटला की मग कोळंबी, आणि तिथून फक्त तीन-चार मिनिटं, अर्धगोल वळली की बंद, पूर्ण गोल गुंडाळी झाली म्हणजे उशीर झाला. वरून मूठभर ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

तिसऱ्यांना वाळूचं बघावं लागतं. मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवा, वाळू सोडतात. उघड्या असतील त्या बोटाने टिचक्या मारून बघा, मिटल्या तर जिवंत, नाही मिटल्या तर टाकून द्या. थोड्याशा पाण्यात झाकण ठेवून वाफवल्या की पाच मिनिटांत उघडतात, ज्या उघडत नाहीत त्या पण टाकायच्या. ते पाणी फडक्यातून गाळून रश्शाला वापरा, ते स्वतःच खारट असतं म्हणून मीठ सगळ्यात शेवटी. यांना मात्र भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप जास्त शोभतं, खोबरं बदामी रंगावर भाजा, काळं नको.

कढी जास्त तिखट झालीच तर पाणी ओतू नका, पाण्याने तिखट जात नाही आणि चव मात्र जाते. मिरचीचा तिखटपणा स्निग्ध पदार्थात विरघळतो, म्हणून अर्धी वाटी नारळाचं दाट दूध घाला आणि त्याबरोबर थोडं आगळ, म्हणजे परत समतोल येईल. मीठ जास्त झालं तर दोन चमचे बिनमिठाचं खोबरं वाटून लावा. कढी फुटल्यासारखी झाली तर एक चमचा तांदळाचं पीठ थंड पाण्यात कालवून सोडा, अगदी बारीक आचेवर, बरीच सावरते.

बाहेरदेशी राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मी नेहमी सांगते की तिकडचा मॅकरेल हा आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ आहे, मोठा आणि जास्त तेलकट, त्याला आंबट आणि तिरफळ दोन्ही जरा जास्त घाल. फ्रोझन मासा आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायचा, गरम पाण्यात टाकून सोडवला की मांस सुटतं. फ्रोझन खोवलेला नारळ चालतो, सुकं डेसिकेटेड खोबरं चालत नाही, त्याची कढी भुशासारखी लागते. आमसूल आणि तिरफळ इथून जाताना घेऊन जायचं, हवाबंद बरणीत वर्षभर टिकतं.

बरोबर भात, उकड्या तांदळाचा मिळाला तर फारच छान, आणि सोलकढी. सोलकढीला नारळाचं दूध, आगळ, ठेचलेली एक लसूण पाकळी, अर्धी हिरवी मिरची, मीठ, झालं, गरम करायची नाही.

आणि कढी थोडी जास्तच करा. रात्री उरलेली फ्रीजमध्ये ठेवून सकाळी बारीक आचेवर आटवायची, अगदी दाट, भांड्याच्या कडेला चिकटेपर्यंत, आणि तांदळाच्या गरम भाकरीने ते भांडं पुसून खायचं. आमच्या घरी त्या भांड्यासाठी मी आणि भाऊ भांडायचो, आणि आई शेवटी भाकरीचे दोन भाग करून भांड्याच्या मधोमध बोटाने रेघ ओढून द्यायची.